कंडेन्सर बदलले, गुणगुण तेवढीच

वाईतल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक लाकडी पेटी कित्येक वर्षे पडून होती. माझ्या काकांनी १९७४ साली स्वतः बांधलेला हा गिटारचा ॲम्प्लिफायर. काका तेव्हा तेवीस वर्षांचे होते. गिटार म्हणजे हवाईयन गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची. कृष्णाबाईच्या उत्सवात गणपती आळीच्या घाटावर एका संध्याकाळी त्यांनी ती वाजवली. गाणी लोकांना आवडली. पण दोन सुरांच्या मधल्या शांततेत पेटी सतत गुणगुणत होती. "आत भुंगा अडकलाय काय रे?" असे कोणीतरी विचारले आणि सगळे हसले.

काकांनी तो भुंगा दोन वर्षे शोधला. सापडला नाही. शेवटी पेटी माळ्यावर गेली. "आपल्याला काही ते जमलं नाही" एवढे वाक्य मात्र घरात राहिले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पुतणीने, ती अकरावी विज्ञानला आहे, ती पेटी खाली काढली. पेटीत शंभर पानी वही होती. बांधणीच्या पहिल्या दिवसापासून काकांनी काय केले आणि काय झाले, ते तारखेसह लिहिलेले. ही वही वाचताना मला एक गोष्ट प्रथमच नीट दिसली. ॲम्प्लिफायरमधला जवळजवळ प्रत्येक भाग हा पूर्वी कोणाला तरी आलेल्या अडचणीचे उत्तर आहे. म्हणून या पेटीची गोष्ट सांगण्याआधी थोडे मागे जाऊ.

काळवंडणारा दिवा

पहिली अडचण एडिसनची. त्याचे विजेचे दिवे काही दिवसांत आतून काळे पडत. कारण शोधण्यासाठी त्याने दिव्यात तारेशेजारी धातूची एक पट्टी बसवली. पट्टी बॅटरीच्या धन टोकाला जोडली, की मधल्या मोकळ्या जागेतून थोडा विद्युतप्रवाह वाहू लागे. ऋण टोकाला जोडली, की थांबे. १८८३ साली त्याने यावर पेटंटसाठी अर्ज केला, पण असे का होते याचा पाठपुरावा केला नाही. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधून काढल्यावर उलगडा झाला. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते ऋणभारित असल्यामुळे धन पट्टीकडे ओढले जातात, ऋण पट्टीपासून दूर ढकलले जातात.

पंपातली झडप पाणी एकाच दिशेने जाऊ देते, तसा हा दिवा विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. १९०४ साली जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी बिनतारी संदेश टिपण्यासाठी त्याचा उपयोग केला. झडप म्हणजे वॉल्व्ह. तेच नाव पुढे रेडिओबरोबर आपल्या घराघरांत आले.

१९०६ साली अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्ट यांनी तापलेली तार आणि पट्टी यांच्यामध्ये तारेची एक जाळी बसवली. तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवरचा विद्युतदाब जरासा बदलला, की पट्टीकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. धोमच्या कालव्याचे दार आठवा. दार वरखाली करायला लागणारी शक्ती थोडी, पण त्यामुळे कमीजास्त होणारे पाणी केवढे! मुले पुष्कळदा समजतात, की ॲम्प्लिफायर आवाजाला 'ताणून' मोठा करतो. तसे नाही. मोठ्या आवाजातली ऊर्जा घरातल्या विजेची असते. गिटारचा क्षीण संदेश फक्त दार हलवतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडते.

एकामागून एक दोष

डी फॉरेस्ट यांच्या नळीत थोडी हवा उरलेली असे आणि ती लागतेच, असे त्यांना वाटे. त्यामुळे प्रत्येक नळी वेगळी वागे. १९१२ साली त्यांनी ती टेलिफोन कंपनीला दाखवली. तिथल्या हॅरॉल्ड आर्नोल्ड यांनी आणि स्वतंत्रपणे जनरल इलेक्ट्रिकमधल्या आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी दाखवले, की उरलेली हवा हाच दोष आहे. नळी जितकी निर्वात, तितकी भरवशाची. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला, तो वाटेत अशाच नळ्यांनी क्षीण आवाज पुन्हा सबळ करत.

सुरुवातीचे रेडिओ बॅटरीवर चालत. घरातली प्रत्यावर्ती वीज वापरायला घेतली, तेव्हा नवा दोष आला. तापणाऱ्या तारेतून जाणारी वीजच सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होते आणि तिची गुणगुण आवाजात मिसळते. यावर १९२०च्या दशकात उपाय निघाला, तो असा: तार फक्त तापवण्याचे काम करील आणि तिच्याभोवतीची वेगळी नळकांडी, म्हणजे कॅथोड, इलेक्ट्रॉन सोडील. चूल आणि तवा वेगळे केले, एवढेच! ग्रिड आणि पट्टी यांच्या जवळिकीमुळे नळी कधीकधी आपणहून किंचाळू लागे. म्हणून दोघांमध्ये आणखी एक जाळी आली. तिच्यामुळे नवा दोष निर्माण झाला: वेगाने आदळणारे इलेक्ट्रॉन पट्टीतून दुसरे इलेक्ट्रॉन उडवीत आणि ते या नव्या जाळीकडे पळत. १९२६ साली फिलिप्समधल्या बर्नार्ड टेलेगन यांनी तिसरी जाळी घालून त्यांना परत पाठवले. हा पेंटोड.

आणि १९२७च्या ऑगस्टमध्ये हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा तरुण इंजिनिअर हडसन नदीवरच्या होडीतून कामावर जात असताना त्याला सुचले, की ॲम्प्लिफायरच्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडला, तर ॲम्प्लिफायरने स्वतः केलेली विकृती बरीचशी खोडली जाईल. जवळच्या वर्तमानपत्राच्या पानावर त्याने ते लिहून ठेवले. पेटंट मिळायला १९३७ उजाडले.

विजेची गिटारही अडचणीतूनच आली. नाचाच्या मोठ्या बँडमध्ये मांडीवरच्या हवाईयन गिटारचा आवाज कोणाला ऐकू जाईना. म्हणून अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीने बाजारात आणलेली विजेची गिटार ही हवाईयन पद्धतीचीच होती. तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली, की वेटोळ्यात क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेचा नियम, दुसरे काही नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे हे तंत्र प्रथम गाण्यापेक्षा भाषणासाठी गाजले. गांधीजी, नेहरू यांच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' अशी अक्षरे दिसतात. ती मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या कंपनीची. १९४२च्या आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालवलेल्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर याच कंपनीचे नानक मोटवाने आरोपी होते. वॉल्व्ह जोडता येणे ही त्या दिवसांत साधी हौस नव्हती.

स्वातंत्र्यानंतरही वॉल्व्ह बरीच वर्षे परदेशातून येत. १९६१ मध्ये सरकारी मालकीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरला रेडिओचे वॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. काकांच्या पेटीतल्या ईएल ८४ या वॉल्व्हवर बी.ई.एल. ही अक्षरे अजून वाचता येतात. बाकीचा माल पुण्याचा: ट्रान्स्फॉर्मर जुन्या बाजारातल्या एका मोडक्या रेडिओतला, कंडेन्सर आणि रेझिस्टन्स बुधवार पेठेतले, तळाचा ॲल्युमिनियमचा पत्रा भांडीवाल्याकडचा. लाकडी पेटी आमच्या आळीतल्या सुताराने केली.

काकांच्या वहीत भाषा सरमिसळ आहे. अर्धी इंग्रजी, अर्धी मिस्त्रीची. मी शाळेत असताना ती वाचून गोंधळलो होतो. तेव्हा काकांनीच मला मराठी विश्वकोशाचे खंड काढून दिले. विश्वकोशाचे कार्यालय आमच्याच गावात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. तिथे ॲम्प्लिफायरला विवर्धक, ट्रान्स्फॉर्मरला रोहित्र, कंडेन्सरला धारित्र भेटले. दुकानातला शब्द वस्तू मागायला लागतो, कोशातला शब्द ती समजून घ्यायला मदत करतो. 'धारित्र' म्हटले, की ते काहीतरी धरून ठेवते हे वेगळे सांगावे लागत नाही.

पेटीच्या आत

मांडणी अगदी साधी आहे. गिटारकडून सुमारे ५० मिलिव्होल्ट येतात. ईसीसी ८३ या काचेच्या एका नळीत दोन ट्रायोड असतात. प्रत्येक ट्रायोड संदेश साधारण पन्नास पट मोठा करतो. त्यातला बराचसा भाग आवाज आणि सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांत खर्ची पडतो. पुढच्या ईएल ८४ ला पूर्ण जोर लावायला ग्रिडवर सात-एक व्होल्ट लागतात. हा वॉल्व्ह २५० व्होल्टवर ४८ मिलिॲम्पिअर घेतो, म्हणजे १२ वॉट. त्यातले फार तर पाच-सहा वॉट लाउडस्पीकरपर्यंत पोहोचतात, बाकीची उष्णता. वॉल्व्हला हवा सुमारे ५,००० ओहमचा भार आणि लाउडस्पीकर असतो ८ ओहमचा. मधला ट्रान्स्फॉर्मर पंचवीसास एक अशा वेढ्यांचा असतो. २५ चा वर्ग ६२५ आणि ६२५ गुणिले ८ बरोबर ५,०००. वीज एका दिशेची करायला ईझेड ८० हा वॉल्व्ह आणि तिचे चढउतार भरून काढायला दोन मोठे कंडेन्सर.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. या पेटीत ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर तो काही काळ धरून ठेवतात. शाळेत मुलांनी असे उपकरण उघडू नये. मी स्वतः प्रत्येक वेळी प्लग काढून, कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करून, मीटरने शून्य पाहूनच हात घातला.

पन्नास वर्षांच्या पेटीला थेट वीज देणेही चुकीचे. आधी सुकलेले मोठे कंडेन्सर बदलले. मग दोन वॉल्व्हांच्या मधला कागदी कंडेन्सर बदलला. हा झिरपू लागला, की ईएल ८४ च्या ग्रिडवर धन दाब येतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि आतली पट्टी लालभडक होते. मग वायरमन वापरतात तसा दिवा सिरीजमध्ये ठेवून वीज दिली. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही. अर्ध्या मिनिटाने नळ्या नारिंगी झाल्या आणि आवाज आला. गिटारचा नव्हे. भुंग्याचा! १९७४ चा भुंगा, जसाच्या तसा.

वहीतला पुरावा

आता वहीतल्या नोंदी पाहू. मी त्या थोडक्यात देतो.

एक: गुणगुण पेटीच्या पांढरी एकच्या मंद्र पंचमाशी जुळते.
दोन: गिटार काढली, इनपुट शॉर्ट केला. गुणगुण तेवढीच.
तीन: ईसीसी ८३ काढला. गुणगुण बंद.
चार: फिलामेंटच्या तारा पीळ देऊन घेतल्या. फरक नाही.
पाच: मोठे कंडेन्सर दोन्ही बदलले. गुणगुण तेवढीच.
सहा: दुप्पट क्षमतेचे कंडेन्सर घातले. गुणगुण थोडी वाढली?

शेवटच्या प्रश्नचिन्हाखाली काकांनी दोन रेघा ओढल्या आहेत. वही तिथेच संपते.

पहिली नोंद पाहा. पुरुषाच्या गळ्यातला पांढरी एकचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३१ कंपने. त्याचा मंद्र पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे ९८. आपली वीज ५० कंपनांची. ईझेड ८० तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून गाळणीपाशी १०० कंपने मिळतात. तापणाऱ्या तारांमुळे गुणगुण येत असती, तर ती आणखी एक सप्तक खाली, ५० ची असती. काकांकडे कोणतेही यंत्र नव्हते, हार्मोनियमची पेटी आणि कान होते. पुतणीने मोबाइलवर मोजले: १००.

म्हणजे दोष वीजपुरवठ्याकडचा, हे काकांचे अनुमान बरोबर होते. कंडेन्सर अपुरे असतील, हेही स्वाभाविक. पण नोंद तीन त्याच्याविरुद्ध जाते. कंडेन्सर अपुरे असते, तर ईसीसी ८३ काढल्यावरही ईएल ८४ मधून थोडी गुणगुण आली असती. नोंद पाच तर सरळच विरुद्ध. आणि सहावी सगळ्यांत महत्त्वाची. कंडेन्सर मोठा केला तर गुणगुण कमी व्हायला हवी. ती वाढली कशी?

कंडेन्सर सतत भरला जात नाही. लाटेच्या माथ्यापाशी थोडा वेळच भरतो. सरासरी ५५ मिलिॲम्पिअर लागत असतील आणि भरणे एक पंचमांश वेळातच होत असेल, तर त्या क्षणी सुमारे पाव ते तीन दशांश ॲम्पिअरचा झटका वाहतो. सेकंदाला असे १०० झटके. कंडेन्सर मोठा केला, की भरण्याचा वेळ आणखी कमी होतो आणि झटका जोरदार होतो. तेव्हा गुणगुण या झटक्यांतून येत असावी. पण झटके ग्रिडपर्यंत जातात कुठून?

कंडेन्सरचे ऋण टोक काकांनी एका टॅगला जोडले होते आणि तो टॅग स्क्रूने ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आवळला होता. पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडची अर्थही सोयीचा म्हणून त्याच टॅगला. गिटारच्या इनपुटची अर्थ मात्र पत्र्याला. आकृतीत या सगळ्या जागी अर्थची एकच खूण असते, म्हणजे सगळीकडे शून्य व्होल्ट. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि स्क्रूच्या जोडाला थोडा रोध येतो. समजा एक शतांश ओहम. त्यातून ०.३ ॲम्पिअरचा झटका गेला, तर तीन मिलिव्होल्ट. गिटारचे पन्नास. हे तीन मिलिव्होल्ट बरोबर ग्रिड आणि कॅथोड यांच्यामध्ये येतात आणि गिटारच्या सुराइतकेच वाढवले जातात. इनपुट शॉर्ट केला तरी ते जात नाहीत, कारण शॉर्टही पत्र्यालाच होतो.

पडताळा घेणे सोपे होते. ग्रिड पत्र्याऐवजी थेट त्या टॅगला टेकवली. गुणगुण बंद. ऑसिलोस्कोप स्क्रूच्या जोडावर लावला. सेकंदाला शंभर टोके, उंची तीन-चार मिलिव्होल्ट. मग ट्रान्स्फॉर्मरचे मधले टोक वायरने सरळ कंडेन्सरला जोडले, इनपुट पत्र्यापासून अलग केला आणि त्याची अर्थ पहिल्या कॅथोडपाशी आणली. एकूण खर्च हातभर वायर.

करून पाहा

हे वर्गात सुरक्षितपणे दाखवता येते. दोन सेल, टॉर्चचा ०.३ ॲम्पिअरचा बल्ब आणि वाटेत गंजका किंवा सैल स्क्रूजोड अशी मालिका करा. डिजिटल मीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवून जोडाच्या दोन बाजूंना टेकवा. बल्ब छान पेटलेला असेल, तरी मीटर शून्य दाखवणार नाही. जोड घासून आवळा आणि पुन्हा मोजा. 'तारेचा रोध शून्य मानू' या आपल्या पुस्तकी वाक्यात 'मानू' या शब्दाचे महत्त्व मुलांच्या लक्षात येईल.

१९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या तीस वर्षांत वॉल्व्ह घराघरांतून गेले. गिटारवाल्यांनी ते सोडले नाहीत. जोर जास्त झाला, की वॉल्व्ह आवाजाचे माथे एकदम न कापता हळूहळू दाबतो आणि तो सूर त्यांना आवडतो. त्यांच्यासाठी काही देशांत अजूनही वॉल्व्ह बनतात. सर्वांनी पुन्हा वॉल्व्ह जोडावेत, असे मी म्हणत नाही. मला वाटते ते वहीबद्दल.

आपल्या प्रयोगवह्यांत 'फरक नाही' असे लिहिलेले किती वेळा सापडते? आलेले उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, की मुले आकडे खोडून जुळवतात आणि आपणही पुष्कळदा जुळलेल्या आकड्यांनाच गुण देतो. काकांनी 'थोडी वाढली?' ही विचित्र नोंद खोडली असती, तर मला त्या स्क्रूकडे पाहायचे सुचले नसते. एडिसनचा काळा दिवा काय आणि हा भुंगा काय, नको असलेले निरीक्षण लिहून ठेवले, तर पुढच्याला उपयोगी पडते.

पेटी जोडून झाल्यावर काकांना बोलावले. त्यांनी आधी गिटार हातात घेतलीच नाही. लाउडस्पीकरला कान लावून बराच वेळ बसले.

"म्हणजे कंडेन्सरचे पैसे फुकटच गेले की!" ते म्हणाले.

"नाही काका," पुतणीच म्हणाली, "तुम्ही ते बदलून लिहून ठेवलं नसतं, तर आम्हीसुद्धा आधी तेच बदलत बसलो असतो."

काकांनी वही मागून घेतली. सहाव्या नोंदीतले प्रश्नचिन्ह खोडले आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.